वही आडवी आली

निकमांच्या घरात हळू बोललेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. सुभेदार सयाजी निकम तोफखान्यातून पेन्शनीत आले ते दोन्ही कान तोफांपाशीच ठेवून, आणि तेव्हापासून अख्खं घर ओरडून बोलत होतं. आबांना काही सांगायचं तर रीत ठरलेली: समोर जायचं, दंडाला हात लावायचा, तोंड चांगलं उघडायचं आणि मग घसा फाडायचा. घरात आलेली प्रत्येक सून पहिल्या महिन्यात घसा बसवून घ्यायची. नंदिनीनंही घेतला होता. आता लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ती वाईला माहेरी गेली की तिची आई म्हणायची, "अगं, बोलतेस की भांडतेस?"

त्या रविवारी मात्र खरंच भांडण होतं. यात्रेचा दुसरा दिवस. चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता. नंदिनीचा नवरा पृथ्वीराज फौजेतून सुट्टीवर आला होता, ती गुरुवारी संपत होती. सोप्यात आबा, त्यांची थोरली बहीण मनुआक्का, थोरला मुलगा लालासाहेब आणि धाकटा पृथ्वीराज एका कागदाभोवती बसले होते. कागद शाळेचा. 'विशेष गरजा असणारी बालके' असा मथळा, खाली पाच नावं, आणि चौथं नाव संयोगिता पृथ्वीराज निकम, इयत्ता चौथी.

"हे नाव मी एकदा काढाय लावलं हुतं," लालासाहेब गरजला. तो शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, त्यामुळे शाळेतला खडूही आपल्याला विचारून झिजतो असं त्याला वाटायचं. "गुरुजी म्हणलं काढतो. मग परत घातलं कुणी?"

"मी घातलं," समोरच्या खुर्चीतली बाई म्हणाली.

ही दीपाली मगदूम. पंचायत समितीकडून स्कूटरवर शाळाशाळा फिरणारी विशेष शिक्षिका, सांगलीकडची. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात एक जुनी वही. तिला बघून आक्काचं पहिलं वाक्य होतं, "बाई, दोन घास खाऊन घ्या, रस्सा लय झकास झालाय."

"आक्का, आम्ही जैन."

"आगं बया! मग नुसता रस्सा घ्या, फोडी मी बाजूला काढती."

नंदिनीनं कपाळाला हात लावून घाईघाईनं ताक आणून दिलं.

संयू आबांच्या गुडघ्याला टेकून बसली होती, नेहमीच्या जागी. घरात कोण काय बोललं ते आबांकडे तोंड वळवून सांगायचं हे तिचं काम. चार वर्षांची असल्यापासून करत आली होती. नुसतं घरातलं नव्हे, ओढ्यापलीकडच्या रानात दोन माणसं उभी राहून बोलत असली तरी ही इकडून आबांना सांगायची, "त्ये म्हणत्यात ऊसाला तोड आली न्हाई." अख्खा गाव तिला 'आबांचे कान' म्हणायचा. आणि आज ते कान स्वतःचाच खटला आबांना वाचून दाखवत होते.

"लालातात्या म्हणत्यात, माझं नाव काढाय लावलं हुतं," संयू बोलली. मग थोडं थांबून, "बाई म्हणत्यात, त्यांनी परत घातलं." तिच्या तोंडात 'स' नीट यायचा नाही, मऊ फुसफुशीत यायचा. दुधाचे पुढचे दात पडल्यापासून तसं होतंय, असं सगळे म्हणत. नवे दात येऊन दोन वर्षं झाली होती, पण ते कुणी मोजलं नव्हतं.

"पोरीच्या डोक्यात काय बी कमी न्हाई!" आबा कडाडले. "सतरा-अठराचे पाढे म्हणती ती. पुढच्या साली सैनिकी शाळेची परीक्षा देणार हाय. आता पोरींनाबी घेत्यात तितं. अंबूनं जाताना काय सांगितलं? 'पोरीला शिकवा.' इसरलासा?"

विषय संपला. भिंतीवर अंबूबाईंचा फोटो होता, चार वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात गेलेल्या. तेव्हा आत फक्त आबांना सोडलं होतं, आणि बाहेर येऊन त्यांनी ते दोन शब्द सांगितले होते. तेव्हापासून या घरात कसलाही वाद त्या दोन शब्दांपाशी येऊन गप होई. त्या शब्दांवर संयूसाठी टेबल आलं, दिवा आला, कराडहून पुस्तकं आली. पृथ्वीराजनं नवऱ्याच्या हक्कानं नंदिनीकडे पाहिलं: बस झालं, आता बोलू नको.

नंदिनी बोलली. "आबा, मंगळवारी मिरजेत तपासणी हाय. नुसती तपासणी. त्यांचं ऐकून तर घेऊ या."

"डोक्याची नव्हे," दीपाली म्हणाली आणि उठून रीतीप्रमाणे आबांच्या समोर आली. ही रीत तिला कुणी सांगितली नव्हती. "आबा, डोकं फार चांगलं आहे तिचं. मला तिचे कान तपासायचेत."

सोप्यात क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय. मग लालासाहेब हसलाच. "कान? आवं बाई, ह्या पोरीचे कान? ओढ्यापल्याड सुई पडली तरी हिला ऐकू येतंय!"

दीपालीनं हेल्मेटातली वही काढून पृथ्वीराजच्या हातात दिली. संयूची शुद्धलेखनाची वही. पानोपानी लाल शाईत एकच शेरा: लक्ष नाही. लक्ष नाही. लक्ष नाही.

"शब्द मोजा," ती म्हणाली.

पृथ्वीराज सिग्नल्सचा हवालदार. मोजायचं म्हटलं की त्याची पाठ ताठ व्हायची. साखर, शिंपला, फणस, वासरू, पाऊस. पाचही बरोबर, वेलांटीसकट. पुढचा 'आकर'. मग 'शिंपी'चा 'इंपी'. मग 'पणा'. दहा शब्द नुसता घोळ. आणि नंतर परत पाच बरोबर. आणि परत दहा घोळ.

त्यानं पान उलटलं. पाच आणि दहा. आणखी उलटलं. पाच आणि दहा.

"हे कसलं कोडं हाय?"

"गुरुजी शुद्धलेखन कसं घालतात ठाऊक आहे? फेऱ्या मारत. फळ्यापासून निघतात, तेव्हा तोंड हिच्याकडे असतं. पाच शब्द होईपर्यंत तिसऱ्या बाकाशी येतात. मग हिच्या मागे जातात, भिंतीपाशी. तिथून परत फिरतात आणि हिला ओलांडून फळ्याकडे चालत जातात, तेव्हा पाठ. म्हणजे दहा शब्द तोंड दिसत नाही. मी मागच्या बाकावर बसून तीन दिवस हे बघितलं. गुरुजींचं तोंड जिथं हिला दिसेनासं होतं, तिथं हिची चूक सुरू होते. मला आधी विश्वास बसेना. मी गुरुजींना म्हटलं, आज एका जागी उभं राहून घाला, तिच्याकडे बघून. चाळीसपैकी एकोणचाळीस."

पृथ्वीराज वहीकडे बघत राहिला. गुरुजींची पावलं त्या पानांवर उमटली होती आणि वर्षभर एकाही माणसाला ती दिसली नव्हती. मग त्याला दुसरंच काहीतरी आठवलं. चौकीवरून तो व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडं रेंजचा खेळखंडोबा. चित्र यायचं, आवाज जायचा. तो आपला बोलत राहायचा, आणि नंतर नंदिनी मेसेज करायची: आवाज आलाच नाही, पण संयूनं सगळं सांगितलं. बर्फ पडला, बूट ओले झाले, बटाट्याची भाजी खाल्ली. त्याला वाटायचं पोरगी अंदाजानं ठोकून देते. एकदा त्यानं मित्रांना हसत हसत सांगितलंही होतं, माझी लेक जादूगार हाय म्हणून.

"नंदे," तो म्हणाला, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली गेला, "ती आवाजावाचून ऐकत हुती गं."

"काय म्हणला पृथ्वी?" आबांनी विचारलं. संयूकडे वळून. पण पृथ्वीराजची मान वहीत खाली होती. संयू गप्प.

दीपालीनं ते पाहिलं. तिनं वही परत घेतली आणि संयूसमोर पाटावर बसली. "संयोगिता, मी म्हणेन ते तू म्हणायचं. खेळ आहे. शेवगा."

"शेवगा," संयू म्हणाली, मऊ फुसफुशीत.

"सांगोला. खिसा. हातोडी."

सगळे बरोबर. लालासाहेबानं मांडीवर थाप मारली, "बघा!"

मग दीपालीनं वही उभी करून आपल्या तोंडापुढं धरली. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलं. आणि त्याच आवाजात, जराही कमी न करता, म्हणाली, "ससा. शिडी. फुटाणे. खिसा."

संयूनं मान पुढं काढली. डोळे वहीवर. ओठांच्या कडांना एक छोटं, शहाण्या मुलीचं हसू. कुणी रागावू नये म्हणून हसतात तसलं. बोलली मात्र काही नाही.

मनुआक्काची नजर सहज वर गेली आणि तिथंच अडकली. संयूच्या मागं खुर्चीत आबांनीही मान पुढं काढली होती. त्यांचेही डोळे वहीवर. त्यांच्याही ओठांना तेच हसू, तसंच, इकडंतिकडं तसूभर नाही. पंच्याहत्तर वर्षांचं एक तोंड आणि नऊ वर्षांचं एक तोंड, एकाखाली एक. आक्कानं हे हसू आपल्या भावाच्या तोंडावर पंचवीस वर्षं पाहिलं होतं, लग्नात, मयतीला, बँकेत. त्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. पोरीच्या तोंडावर तेच हसू रोज होतं, आणि तिला वाटलं होतं पोरगी हसरी आहे.

"काय म्हणल्या गं बाई?" आबांनी सवयीनं आपल्या कानांना विचारलं.

संयू वळली. "मलाबी न्हाई कळलं आबा. वही आडवी आली."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. संयूला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. ती समजावणीच्या सुरात सगळ्यांना म्हणाली, "तोंड झाकल्यावर कुणाला ऐकू येतंय व्हय?"

चुलीवर रस्सा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही. नऊ वर्षं हे लेकरू असं समजून चाललं होतं की जग असंच असतं. पाठ फिरवली की माणसं बंद होतात. अंधारात कुणी बोलत नाही. सगळ्यांचंच असं असतं, आणि तरी बाकीची पोरं कशी कोण जाणे शुद्धलेखनात पुढं जातात. आपणच जरा जास्त निरखून बघायला पाहिजे. म्हणून ती निरखत होती, एकटी, कुणालाही काही न सांगता, तक्रार न करता. एवढ्याशा जिवानं एवढं मोठं काम रोज केलं होतं.

"देवा रं," आक्का म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला, पोरीला आपलं तोंड दिसावं म्हणून. "मी हिला मारलं. गेल्या म्हैन्यात. गोठ्याच्या दारात हाका मारून मारून माझा घसा गेला, ही पाठमोरी, वळंना. मी म्हणलं लय मुजोर झाली, आन पाठीत रट्टा घातला. तर कायबी बोलली न्हाई. नुसती हसली." आणि ती धाय मोकलून रडली.

नंदिनीला रडू आलं नाही. तिला राग आला, सगळ्यांचा, आधी स्वतःचा. आईला कळू नये? पण कळणार कसं? या घरात कुणी पाठीमागून बोलतच नव्हतं. सगळे समोर यायचे, दंडाला हात लावायचे, तोंड उघडून ओरडायचे. आबांसाठी घातलेल्या त्या रीतीत पोरगी सुखानं वाढली. दुसऱ्या कुठल्याही घरात दोन वर्षांची असताना कळलं असतं.

"थांबा," लालासाहेब म्हणाला. तो हरलेला होता, पण गप्प बसलेला नव्हता. तो आबांच्या समोर जाऊन बसला. "आबा, ऐका. कागदावर एकदा लिव्हलं की सैनिकी शाळा गेली. व्हय का न्हाई बाई?"

"वैद्यकीय तपासणीत कान बघतातच," दीपालीनं सरळ सांगितलं. "खोटी आशा मी दाखवणार नाही."

"मग मी काय म्हणतो, पोरीला एवढं झकास वाचता येतंय तोंडाकडं बघून. तितल्या डॉक्टरलाबी ती फसवंल. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई! तपासणी करू, पण त्या परीक्षेनंतर. वरीस-दीड वर्सानं. आईची इच्छा बी राहील."

पृथ्वीराजनं मान वर केली. खोटं का बोला, त्यालाही क्षणभर तसंच वाटलं होतं. सगळे आबांकडे बघू लागले.

आबांनी फोटोकडे पाहिलं. मग संयूकडे. आपण वर्षानुवर्षं ज्या खोलीला कुलूप घालून बसलो, तिची किल्ली हे पोर नकळत हातात देऊन गेलं, असं त्यांना झालं.

"लाला," ते म्हणाले, "मी चार वर्सं तसाच मेडिकल पास झालो. डॉक्टरच्या तोंडाकडं बघून. लय हुशारी वाटायची मला त्याची. म्हणून नंतर मशीनबी घेतली न्हाई. म्हणलं, सुभेदाराला कशाला मशीन?"

ते थांबले. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज फुटलेला होता, पण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते ओरडूनच बोलले. आतलं सगळं दुःख त्यांनी हुकूम द्यावा तसं ओरडून सांगितलं.

"मिरजेला त्या साली समद्यांच्या तोंडावर मास्क. डॉक्टर मास्कमधी, नर्स मास्कमधी. मला एकाचं काय कळत न्हवतं. पाच मिन्टं आत सोडलं. अंबूच्या तोंडावर त्यो ऑक्सिजनचा. तिनं डोळं उघडलं. मास्कच्या आत धुकं आलं. म्हंजी बोलली. मी म्हणलं, काय? परत धुकं आलं. मी मान हलवली. व्हय व्हय म्हणलं. हसलो. आन झालं." त्यांनी श्वास घेतला. "भाईर आलो तर तुमी समदी घेरून, आई काय म्हणली, आई काय म्हणली. काय सांगू? बायकोचं शेवटचं बोलणं मला ऐकू आलं न्हाई म्हणून सांगू? मी म्हणलं, पोरीला शिकवा म्हणली. मी बनवलं त्ये. ती काय म्हणली मला ठावं न्हाई."

ओढ्यापलीकडे यात्रेचा भोंगा वाजत होता. तो आबांना ऐकू येत नव्हता आणि संयूलाही. बाकीच्यांना आज पहिल्यांदा, तो आपल्याला ऐकू येतो याची लाज वाटली.

संयूनं एकेक शब्द आबांच्या ओठांवरून उचलला होता. तिनं त्यांच्या दंडाला हात लावला, रीतीप्रमाणे. "आबा, म्हंजी आजीच्याबी तोंडावर वही आडवी आली?"

"व्हय बाळा."

नंदिनी उठली. कुणाला विचारलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. कागदावर 'पालकाची सही' लिहिलं होतं तिथं तिनं पूर्ण नाव घातलं, राजनंदिनी पृथ्वीराज निकम, आणि पेन दीपालीला परत दिलं. पृथ्वीराज म्हणाला, "मंगळवारी मी येतो संगं." लालासाहेब बराच वेळ चप्पल शोधत राहिला, जी त्याच्या पायातच होती. मग म्हणाला, "गाडी माझी घ्या. यष्टीनं कशाला?"

"बाई," आबांनी हाक मारली. "त्या यादीत माझंबी नाव घाला."

"आबा, ही यादी शाळेतल्या मुलांची आहे."

"मग नापास म्हणून घाला की!"

आक्का रडता रडता हसली, आणि मग सगळेच हसले.

*

मशिनी यायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या. संयूच्या कानांचे साचे घेतले, आबांच्याही. गुरुजींनी संयूला पहिल्या बाकावर आणलं आणि शुद्धलेखन एका जागी उभं राहून घालायला लागले. सगळ्या वर्गाच्याच चुका कमी झाल्या, तेव्हा तेही चकित झाले. वहीतले 'लक्ष नाही' त्यांनी स्वतः खोडले, आणि खाली लिहिलं, लक्ष माझं नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाईंनी संयूच्या कानामागं मशीन बसवली, कळ दाबली, आणि सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. हे निकमांना जड गेलं, पण बसले.

संयूनं आधी वर पाहिलं. "पंख्याला आवाज हाय?"

मग ती आपल्याच चपला फरशीवर घासत राहिली. कागद चुरगळून ऐकला. आईच्या बांगड्यांकडे वळली, पाठमोरी असताना वळली, आणि नंदिनीचा हात हवेतच थांबला. पृथ्वीराज चौकीवर परत गेला होता; फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा होता, आणि तो नुसता बघत होता.

बाई म्हणाल्या, "तुझं नाव सांग बरं."

"संयोगिता," ती म्हणाली, आणि दचकली. परत म्हणाली, "संयोगिता. स्. स्." तिनं तोंडापुढं तळहात धरून बघितला. "आई! 'स'ला आवाज असतो? मला वाटायचं, त्यो नुसता लिव्हायचा असतो!"

नंदिनीनं तिला जवळ ओढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला ओरडावंसं वाटलं नाही. तिनं लेकीच्या केसांत तोंड खुपसलं आणि अगदी हळू, स्वतःलाही जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाली, "असतो गं."

"असतो," संयूनं उत्तर दिलं.

आबांची मशीन आदल्या तासाला बसली होती. ते बाकड्यावर ताठ बसून होते. त्यांना ऐकू येत होतं ते त्यांना फार आवडलं होतं असं नाही. जिन्यावरचा गोंगाट, भांड्यांचा खणखणाट, सगळं एकदम अंगावर आलं होतं. याच जिन्यावरून चार वर्षांपूर्वी ते एकटे खाली उतरले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि संयूला जवळ बोलावलं. तिनं दंडाला हात लावायला हात पुढं केला. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

मग त्यांनी टॉवेल आपल्या तोंडावर धरला. नाकापासून हनुवटीपर्यंत. डोळे तेवढे उघडे. आणि टॉवेलाआडून काहीतरी बोलले, हळू. आपण हळू बोलतोय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येत होतं.

संयूनं टॉवेलाकडे बघितलं नाही. तिनं डोळे मिटले.

"पोरीला शिकवा," ती म्हणाली. 'श' स्वच्छ होता.

आबांनी टॉवेल खाली केला. डोळे पुसले आणि तो परत खांद्यावर टाकला.

"व्हय," ते म्हणाले. "असंच म्हणली असंल ती."